दीड फूट पाया

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. चोवीस वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवलेली ही एकच गोष्ट आहे, असं लिहिण्याचा मोह होतो — पण ते मी कधी मोजून पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. जे मोजलेलं आहे तेवढंच सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखत असता तर इथेच थांबलो असतो.

गोष्ट एका शेडची आहे. हसू येईल तुम्हाला. घरामागच्या बाडीतली शेड — रायपूरला परसबागेला बाडीच म्हणतात — दहा फूट बाय आठ फूट, सिमेंटच्या ब्लॉकची, वर पत्रा. कुदळ, फावडं, पाण्याचा पाइप, खताची पोती ठेवायची जागा. एवढ्याशा शेडमध्ये लपवण्यासारखं काय असणार? मीही आधी असंच म्हटलं असतं.

आधी माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. मी इंजिनियर नाही. एका सरकारी कार्यालयात बसतो आणि दुसऱ्यांनी घेतलेली मोजमापं तपासतो. नाली किती लांब, भिंत किती उंच, खड्डा किती खोल. मोजमापाच्या पुस्तकात खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे — कुणी, कधी, काय चुकवलं ते दिसलं पाहिजे. सव्वीस वर्षं मी हा नियम पाळला आहे. ज्यांनी पाळला नाही त्यांची पुस्तकं परत पाठवली आहेत, कधी कधी कडक शेरा मारून.

आमच्या वसाहतीत बरीच मराठी घरं आहेत. कुणी भंडाऱ्याहून आलेलं, कुणी गोंदियाहून, कुणाचे वडील रेल्वेत होते, कुणी अलीकडे बदलीवर आलेलं. सगळे मला चिडवतात — लांजेवार भाऊ पोळीसुद्धा टेप लावून खातात. सुनंदा वर सांगते, खातातच, आणि कमी भरली तर परत पाठवतात. मी हसतो. खरं सांगू? आवडायचं मला ते. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच, आणि माझा हा होता.

शेड मी तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बांधली. मिस्त्री होता बिसाहू. गुढियारीत राहायचा, सायकलवर यायचा, ओळंब्याचा दोरा स्वतःच्या खिशात ठेवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आमच्या वसाहतीतल्या अर्ध्या कुंपणभिंती त्याच्या हातच्या. बोलायचा फार कमी. काही सांगितलं की 'हव' म्हणायचा — म्हणजे हो — आणि करून टाकायचा. पटलं नाही तरी 'हव'च म्हणायचा, फक्त थोडं उशिरा.

हिशोब मी करून ठेवला होता. भिंतींची एकूण लांबी छत्तीस फूट, उंची सात, दाराची जागा वजा, म्हणजे दोनशे एकसष्ट ब्लॉक. तुटफूट धरून दोनशे पंच्याहत्तर मागवले. सात उरले. बिसाहूने ते सात मोजून भिंतीला टेकवून ठेवले आणि म्हणाला की इतक्या वर्षांत असा हिशोब कुणाचा पाहिला नाही. मी ते वाक्य आठवडाभर मनात घेऊन फिरत होतो.

आणि पाया? पाया खोदायला काढला एका शनिवारी. रविवारी काँक्रीट पडायलाच हवं होतं, कारण सोमवारी माझी रजा संपत होती. संध्याकाळी खोदणं जिथवर आलं होतं तिथे टेप लावला — दीड फूट. बिसाहू खड्ड्यात उभा राहून पायाच्या अंगठ्याने माती दाबत होता. काळी, चिकट, कन्हार माती. इथल्या धानाच्या शेतांतली. त्याने वर पाहिलं. मी म्हटलं, पुरे, शेड काय, हलकीच तर असते. तो म्हणाला, हव. थोडं उशिरा.

बघा — मी आधी थांबलो आणि मग कारण शोधलं. वजन कमी, म्हणून पाया कमी. कुठे वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. ऐकायला बरोबर वाटतं, नाही? कन्हार मातीत मात्र ते उलटं आहे. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर तीन मजली घर असेल तर त्याचं वजन तिला थोडं तरी दाबून धरतं. हलक्या भिंतीला ती उचलते. पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, मग वर शेड असो की कोंबड्यांचं खुराडं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. पण माझा गुन्हा तेव्हाचा नाही, तेव्हा तर मी फक्त अडाणी होतो.

शेड झाली आणि मी एक कागद लिहिला. 'बाडीतली शेड पक्की कशी बांधावी — अकरा मुद्दे.' निळ्या शाईने, समास सोडून. एकावर एक ब्लॉकचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. एका दिवसात चार थरांपेक्षा जास्त चढू नये, खालचा सिमेंटचा मसाला ओला असतो, वजनाने सरकतो. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं. जोतं जमिनीपासून फूटभर वर घ्यावं आणि त्यावर काँक्रीटची पट्टी, आत दोन सळया. पत्र्याला मागच्या बाजूला उतार, आणि पत्रा नुसता ठेवू नये, हुकांनी आवळावा, नाहीतर वैशाखातली वावटळ घेऊन जाते. भिंतीभोवती दोन फूट फरसबंदी, म्हणजे पत्र्याचं पाणी पायाशी मुरत नाही. सगळं बरोबर. आजही त्यातल्या दहा मुद्द्यांना कुणी बोट लावू शकणार नाही.

दुसरा मुद्दा होता: पाया दीड फूट खोल पुरे.

कागद प्लास्टिकच्या कव्हरात घालून शेडमध्ये खिळ्याला अडकवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेतल्यावर मागे शेड बघून यायच्या. त्यांचे नवरे दुसऱ्या दिवशी यायचे. काही जणांनी कागदाचे फोटो काढले. बांधली मात्र कुणीच नाही — एक कुंदाताई सोडून.

त्या आमच्यापासून चार घरं खाली राहतात, जिथे रस्ता उतरत जातो आणि पावसाळ्यात पाणी साचतं. शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी बिलासपूरला. बाडी म्हणजे त्यांचा जीव. लाल भाजी, चेच भाजी, वांगी, दोडके — आणि जे निघेल त्यातलं अर्धं आमच्याकडे. सुनंदा त्यांना ताई म्हणते, मीही ताईच म्हणतो, आणि त्या मला भाऊ. राखीला बोलावतात. हे सगळं सांगणं गरजेचं आहे. मी जे केलं ते परक्या माणसाशी केलं नाही.

आता भेगेबद्दल.

शेड झाल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात माझ्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात एक भेग दिसली. जमिनीपासून निघून सांध्यासांध्यांतून पायऱ्यांसारखी वर चढलेली. पहिल्या दिवशी तिच्यात पोस्टकार्ड जात होतं. मी दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली, तारीख टाकली. पंधरा दिवसांनी एक रुपयाचं नाणं जायला लागलं. मृगापर्यंत दोन नाणी, एकाला एक लावून. मी सगळं टिपून ठेवत होतो — सवयच ती. पण ते टिपण शेडमधल्या कागदाशेजारी लावलं नाही. लोखंडी रॅक ओढून भेगेपुढे उभा केला, त्यावर कुंड्या आणि जुने डबे मांडले. सुनंदाला सांगितलं की तिकडे विंचू निघाला होता, त्या कोपऱ्यात जाऊ नकोस.

का लपवली? तुम्हीच सांगा, तुमच्याकडे रोज कुणीतरी येऊन म्हणत असेल की भाऊ, काय शेड आहे, तर तुम्ही त्याला रॅकमागे नेऊन भेग दाखवाल? कदाचित दाखवाल. पुष्कळ लोक दाखवतील. मी दाखवली नाही.

ऑगस्टमध्ये भेग मिटली. माती फुगली, भिंत वर आली, सांधे जुळले, पेन्सिलीच्या खुणा पुन्हा एकमेकींना चिकटल्या. मी रॅक सरकवून बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं — एखाद्या तापातून उठल्यासारखं. मनाला सांगून टाकलं की झालं, बसली भिंत आपल्या जागेवर. सांगितलं खरं, पण टिपणवही बंद केली नाही. म्हणजे मलाच माझं पटलेलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये कुंदाताईंनी शेड काढली. माझ्या कागदाची झेरॉक्स नेली, बिसाहूलाच बोलावलं. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कागदावर लिहून आहे, मग मले काही पाहाचंच नाही."

खोदकामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. बिसाहू फाटकाशी उभा होता, हातापायांना काळी माती. त्याला मी सहसा फाटकाशी उभा पाहिलेला नव्हता. तो काम सोडून कुठे जात नसे. म्हणाला, "साहब, ओ डहर निच्चट कन्हार हे. डेढ़ फूट म कुछु नइ होवय. अउ खनंव का?"

त्या बाजूला नुसती काळी मातीच आहे, दीड फुटाने काही होणार नाही, आणखी खोदू का — एवढंच विचारत होता. परवानगी मागत होता. माझ्याकडे का? कारण ताईंनी त्याला सांगितलं होतं की कागदाच्या बाहेर काही करायचं झालं तर भाऊंना विचार.

मी हेल्मेट घातलेलं होतं. रॅकमागची भेग मला त्या क्षणी दिसत होती — मिटलेली नाही, उघडलेली, दोन नाण्यांची. बिसाहूने ताईंकडे जास्त खोदलं तर ताई विचारणार, कागदाबाहेर कशाला गेलास? मग कागद चुकला म्हणावं लागणार. मग माझ्या शेडचं काय, असं कुणीतरी विचारणार, आणि रॅक सरकवावा लागणार. हे सगळं मी किती वेळात केलं असेल? स्कूटर सुरू करायला लागतो तेवढ्या.

"कागज में जितना है उतना ही करो," मी म्हटलं.

तो थांबला. मग म्हणाला, हव.

पुढचा उन्हाळा मी कसा काढला ते लिहिता येत नाही. रोज संध्याकाळी पाय मोकळे करायच्या निमित्ताने उतारावर जायचो आणि कुंपणावरून ताईंची शेड बघायचो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या बाजूने एका लांब भिंतीचे दोन्ही कोपरे उकललेले दिसले. एक नव्हे, दोन्ही. ही गोष्ट तुम्हाला साधी वाटेल, मला तिचा अर्थ कळत होता. भिंत शेजारच्या भिंतींत गुंतलेली असते म्हणून उभी राहते. दोन्ही कोपरे सुटले की ती एकटी उभी असते, उभ्या ठेवलेल्या पत्त्याच्या पानासारखी. जोत्याची पट्टी होती, सळया होत्या — पण खालची जमीनच हलायला लागली तर पट्टी कितीसं धरून ठेवणार?

ताईंनाही भेगा दिसल्या होत्या. मला विचारलं त्यांनी. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, पावसाळ्यात मिटतात. ते खोटं नव्हतं. माझी मिटली होती.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, ताई शेडमधून खताचं पोतं ओढत होत्या. ओढताना पोतं त्याच भिंतीला लागलं. दहा फुटांची ती भिंत बाहेर पडली असती तर नुसते ब्लॉक गेले असते. ती आत पडली. आवाज आमच्या घरापर्यंत आला. सुनंदा म्हणाली की कुठे ट्रक रिकामा करून राहिले वाटते. मला माहीत होतं तो ट्रक नाही. मी चपला न घालता धावलो — आणि धावताना माझ्या मनात पहिलं नाव ताईंचं आलं नाही. पहिला तो कागद आला.

डाव्या पायाची दोन्ही हाडं आणि घोटा. दोन ऑपरेशनं. दवाखान्यात नेईपर्यंत त्या शुद्धीवर होत्या आणि मला सांगत होत्या की घराला कुलूप लावा, भाऊ, गॅस बंद करा. मी कुलूप लावलं, गॅस बंद केला.

आणि मग घरी येऊन शेडमध्ये गेलो. खिळ्यावरचा कागद काढला. नवा कागद घेतला, तीच निळी शाई, तोच समास, अकराचे अकरा मुद्दे पुन्हा लिहिले. दुसऱ्या मुद्द्यात लिहिलं: पाया किमान चार फूट. जुना कागद फाडून चुलीत टाकला — बाडीत पाणी तापवायची चूल आहे आमची. सुनंदा दवाखान्यात होती. सव्वीस वर्षांचा नियम मला माहीत होता: चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे. मी रेघ मारली नाही.

चारच का लिहिलं? मोजलं होतं कुठे? कुठेच नाही. भरवशाचा वाटला तो आकडा, म्हणून.

मला वाटलं होतं एवढ्याने भागेल, कुणी विचारलं तर कागद दाखवायचा. त्या कागदाने दुसऱ्या माणसाचं काय होईल, याचा विचार — नाही, आला होता तो विचार. आला नाही असं लिहिणार होतो. आला होता.

पाचव्या दिवशी बिसाहू आला. वसाहतीत बोलणं सुरू झालं होतं की मिस्त्रीने पाया खाल्ला. तो ओट्यावर बसला नाही, खाली पायरीवर बसला. सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला — माझी झेरॉक्स, ताईंनी त्याला दिलेली. घडीवर सिमेंटचे डाग. उघडून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. दीड. माझ्या अक्षरात. एवढंच म्हणाला, "मोर बात ल कोनो नइ मानय साहब. आप बता देहू." माझं कुणी ऐकणार नाही, तुम्ही सांगा. आणि कागद माझ्या हातात दिला.

का दिला त्याने? स्वतःजवळ ठेवायला हवा होता ना? त्याला मी आकड्यांचा माणूस वाटत होतो. सात ब्लॉक उरवणारा. अशा माणसाच्या हातात कागद सुरक्षित राहील असं त्याला वाटलं.

मी म्हटलं, बघतो.

ताई घरी आल्या तेव्हा त्यांच्या व्हरांड्यात बैठक झाली. बिलासपूरहून मुलगी आणि जावई आलेले, वसाहतीतले चार-पाच जण, ताई आत पलंगावर, दार उघडं. बिसाहूला बोलावलं होतं. त्याला विचारलं, किती खोदलं? तो म्हणाला, डेढ़ फूट. व्हरांड्यात एकदम कुजबुज. मग जावई माझ्याकडे वळला. मराठी समजतं त्याला, पण बोलतो हिंदीतच. "काका, आप बताइए. आपके कागज में कितना था?"

मी खिशात हात घातला. बिसाहूचा चेहरा तेव्हा मी पाहिला — सैल झाला, म्हणजे आता झालं, साहेब सांगताहेत. मी कागद काढून जावयाच्या हातात दिला. नवा कागद.

"चार," मी म्हटलं.

जावयाने तो बिसाहूपुढे धरला. बिसाहूने घेतला नाही, तसाच वाकून वाचला. बोट दुसऱ्या ओळीपाशी नेलं, टेकवलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी आज हे लिहिलं नसतं बहुतेक. राग मी झेलला असता. तो नुसता समजून घेत होता, जसं एखादी भिंत बघून घेतात, कुठून सुटली ते. जावयाने जरा चढ्या आवाजात विचारलं, चार लिखा है कि नहीं?

"हव साहब," बिसाहू म्हणाला.

या वेळी उशीर केला नाही त्याने.

तो ओरडला असता, शपथ घेतली असती, तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण कुणीतरी फोनमधला जुना फोटो शोधला असता. कुणाच्या तरी फोनमध्ये तो अजूनही असेल. इतकी माणसं होती तिथे, एकाच्याही मनात आलं नाही शोधावा म्हणून. लांजेवार भाऊंनी आकडा सांगितल्यावर कोण शोधतो?

त्यानंतर आमच्या वसाहतीत बिसाहूला काम मिळालं नाही, आणि वसाहतीबाहेरही बातमी जायची तिथवर गेली. थंडीत एकदा सकाळी तो मला चावडीवर दिसला, जिथे रोजंदारीचे मजूर उभे असतात. मिस्त्री लोक तिथे उभे राहत नाहीत, त्यांना लोक घरून बोलावून नेतात. तो मजुरांत उभा होता, रिकाम्या हाताने. मला पाहून राम राम म्हणाला. मी स्कूटर थांबवली नाही. फाल्गुनात मी गुढियारीत त्याचं घर शोधत गेलो. सांगायला गेलो होतो का? नाही. खोटं कशाला लिहू — तो अजून आहे का, एवढंच बघायला गेलो होतो. दाराला कुलूप. शेजारची बाई सूप आपटत होती, मान वर न करता म्हणाली की भट्ठ्यावर गेले, बाई-लइका, म्हणजे बायकापोरं, सगळे, दूर, दुसऱ्या राज्यात. वीटभट्टीवर. भिंती बांधणारा माणूस विटा थापायला गेला. मला तिथे सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

माझी शेड उभी आहे. दर मेमध्ये भेग उघडते, दर ऑगस्टला मिटते, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा थोडी कमी मिटते. सुनंदाला मी आत जाऊ देत नाही. ती म्हणते, तुम्हाले त्या शेडचं काहून इतकं? मी विंचवाचं सांगतो. ताई आता वॉकर घेऊन चालतात, बाडीत बसता येत नाही. भाजी बाजारातून आणवतात — आणि अर्धी आमच्याकडे पाठवतात.

मागच्या महिन्यात त्यांनी पडलेल्या जागी पुन्हा शेड काढली. मला बोलावून म्हणाल्या, "या वेळी तुम्ही उभे राहा, भाऊ. मागं तुम्ही नव्हते, म्हणून तो असं करून गेला."

मी उभा राहिलो. सुट्टी काढली. नवा मिस्त्री, दोन मजूर, ताई खुर्चीवर. चार फूट झाले तेव्हा मिस्त्रीने वर पाहिलं. कागदात चारच होते. खड्ड्याच्या तळाशी काळी कन्हार होती, वरच्यासारखीच, चिकट. मी म्हटलं, खोदत राहा. साडेचार. पाच. फावड्याचा आवाज बदलला तेव्हा मी टेप सोडला — पाच फूट दोन इंच. तांबडा मुरूम. मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला, "ओ बिसाहू तो मिरचा लगाए बर खने रहिस होही." म्हणजे बिसाहूने मिरचीची रोपं लावायला खोदलं असेल. मजूर हसले. ताई हसल्या, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी काठावर उकिडवा बसून टेप गुंडाळत होतो. मीही हसलो.

बिसाहूने दीड फूट खोदलं ते माझ्या कागदावरून. जास्त खोदू का, असं त्याने येऊन विचारलं होतं, आणि मी नको म्हटलं — माझी भेग मला माहीत असताना. त्याने दिलेला कागद मी परत केला नाही. तो माझ्याकडे आहे. चार हा आकडा मी भिंत पडल्यावर लिहिला, आणि तोही चुकीचा होता.